मूत्रमार्गाच्या जखमा आणि शरीराला चालणारा डिंक

गेल्या पावसाळ्यात एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. बाई काही केल्या खुर्चीवर बसेनात. "राहू द्या डॉक्टर, खुर्ची खराब होईल," असे म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वय ३८. गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले होते. शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवसापासून लघवी आपोआप गळू लागली होती. उठता-बसता, चालताना, झोपेतसुद्धा. घरच्यांनी पहिले काही दिवस ते अंगावरून पांढरे जाणे समजून घरगुती औषधे दिली. पुढे वास येऊ लागला, तेव्हा बाईंनी आपले अंथरूण स्वतःच पडवीत नेले.

यजमानांच्या हातात मोबाईल होता. त्यात कुठलीशी चित्रफीत होती. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता शरीर चिकटवायचा डिंक निघालाय म्हणे. तेवढा लावा आणि भोक बुजवा. पुन्हा फाडाफाडी नको." सासूबाई सोबत होत्या. त्यांनी पुस्ती जोडली, "चप्पल चिकटते, तर माणूस का नाही चिकटायचा?"

प्रश्न रास्त होता. असा डिंक खरोखरच आहे आणि मी तो वापरलाही आहे. मात्र त्याच्याविषयी जेवढी उत्सुकता दिसते, तेवढी समज दिसत नाही. म्हणून आजचा लेख.

प्रथम मूत्रमार्गाची रचना थोडक्यात पाहू. दोन मूत्रपिंडांत लघवी तयार होते. ती दोन बारीक मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते आणि तेथून मूत्रनलिकेवाटे बाहेर पडते. या वाटेला कोठेही भोक पडू शकते. अपघातात मूत्रपिंड फाटते, पोटाच्या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला इजा होते, अडलेल्या बाळंतपणात बाळाचे डोके तासन्‌तास दाबून राहिल्याने मूत्राशय आणि योनिमार्ग यांमधला पडदा कुजतो. पूर्वी आपल्याकडे या शेवटच्या कारणानेच बहुतेक बायकांची लघवी गळत असे. आता रुग्णालयात बाळंतपणे होऊ लागल्याने ते प्रमाण घटले आहे आणि त्याची जागा गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेने घेतली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. पिशवी काढण्याची खरी गरज किती बायकांना असते, हा वेगळा विषय आहे. त्यावर या सदरात पुन्हा केव्हातरी लिहीन.

मूत्राशयाची जखम तशी लवकर भरते. आतले अस्तर काही दिवसांत नव्याने पसरते आणि साधारण तीन आठवड्यांत भिंतीला पूर्वीची ताकद बरीचशी परत येते. मग अडचण कशाची? अडचण अशी, की ही जखम सतत ओली राहते. हाताला कापले तर आपण पट्टी बांधून ती कोरडी ठेवतो. मूत्राशयात मात्र दिवसरात्र थेंब थेंब लघवी उतरत असते. भोक बुजायच्या आधीच त्यातून लघवी वाहू लागली, की कडांवर नवे अस्तर चढते आणि भोकाचा कायमचा बोगदा होतो. एकदा असा बोगदा तयार झाला, की तो आपण होऊन सहसा बुजत नाही. यालाच फिस्टुला म्हणतात.

मग टाके का घालत नाहीत, असे कोणी विचारील. घालतोच. पण दोऱ्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी गावी जेम्स मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरांनी १८४५ ते १८४९ या काळात हा फिस्टुला शिवण्याचे प्रयोग केले. रेशमी दोऱ्याने शिवले, की दर वेळी टाक्यांभोवती पू होऊन जखम उसवे. शेवटी १८४९ साली त्यांनी चांदीची तार वापरली आणि भोक बुजले. शल्यशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे नाव मोठे आहे. मात्र हे प्रयोग झाले ते गुलाम स्त्रियांवर, भूल न देता. त्यांपैकी अनार्का नावाच्या मुलीवर तर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. सिम्स यांचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला पुतळा २०१८ साली हटवला गेला. मी विद्यार्थी असताना आम्हांला चांदीची तार तेवढी शिकवली होती, अनार्काचे नाव कोणी सांगितले नव्हते.

दोऱ्याचा दोष आजही पूर्णपणे गेलेला नाही. सुई जेथून जाते तेथे भोक पडते, आणि न विरघळणारा दोरा लघवीत राहिला तर त्यावर क्षार बसून खडा धरतो. म्हणून मूत्रमार्गात आम्ही विरघळणारेच टाके वापरतो. तरीही दोन टाक्यांच्या मधून झिरपण्याची भीती राहतेच. ही फट पहिले काही दिवस बुजवून धरणारे काही मिळाले तर बरे, या गरजेतून डिंकाचा विचार पुढे आला.

आता हा डिंक म्हणजे काय ते पाहू. बोटाला कापले, की रक्त वाहते आणि थोड्या वेळात थिजते. रक्तद्रवात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. जखम होताच थ्रॉम्बिन नावाचा दुसरा पदार्थ तयार होतो. तो फायब्रिनोजेनचे रूपांतर फायब्रिनच्या बारीक तंतूंत करतो. दुधाला विरजण लागावे तसा हा प्रकार. या तंतूंचे जाळे जखमेवर बसते, त्यालाच आपण खपली म्हणतो. याच दोन पदार्थांच्या वेगवेगळ्या पिचकाऱ्या भरून, जखमेच्या तोंडाशी ते एकत्र सोडले, की काही सेकंदांत पांढरट, चिकट थर तयार होतो. हाच फायब्रिन ग्लू. म्हणजे कारखान्यात केलेली खपलीच म्हणा ना!

ही युक्ती नवी नाही. १९४० च्या दशकात तुटलेल्या मज्जातंतूंची टोके जोडण्यासाठी आणि कातडीचे कलम बसवण्यासाठी ती वापरून पाहिली गेली. मूत्ररोगांत तर तिचा एक गमतीदार उपयोग झाला. १९४३ साली डीस नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी मूत्रपिंडाच्या पोकळीत हे मिश्रण भरून त्याची गुठळी होऊ दिली आणि मग ती गुठळी आत अडकलेल्या बारीक खड्यांसकट बाहेर ओढून काढली. जेलीत अडकलेल्या मनुकांसारखे खडे बाहेर आले! आता दुर्बिणीची शस्त्रक्रिया आल्याने ही पद्धत मागे पडली. पुढे अनेकांच्या रक्तापासून एकत्र केलेल्या अशा पदार्थांतून काविळीची बाधा होते, असे दिसल्यावर अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेर त्यांवर बंदी आली. विषाणू नष्ट करण्याच्या पद्धती सुधारल्यावर १९९८ साली तेथे तयार फायब्रिन ग्लूला मान्यता मिळाली. तीही हृदय, प्लीहा वगैरेंच्या शस्त्रक्रियांसाठी. मूत्रमार्गात तो वापरायचा, तर डॉक्टर आपल्या अनुभवावर आणि जबाबदारीवर वापरतात. रक्तपेढीच्या मदतीने रुग्णाच्या स्वतःच्या रक्तद्रवापासूनही त्यातला एक घटक तयार करता येतो. तयार संच घेतला, तर अगदी लहान संचालाही काही हजार रुपये पडतात.

सासूबाईंच्या चपलेच्या डिंकाचेही सांगायला हवे. तो वेगळा पदार्थ, सायनोअॅक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हॅरी कूव्हर यांना तो सापडला. सगळ्यालाच चिकटतो म्हणून त्यांनी आधी बाजूला टाकला, आणि १९५८ साली तो डिंक म्हणून बाजारात आला. त्याचीच सुधारलेली, वैद्यकीय जात कपाळावरच्या छोट्या जखमेसाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर वरच्या कातडीसाठी आम्ही वापरतो. पण दुकानातली ट्यूब जखमेवर लावू नये. ती लावताना उष्णता निर्माण होते आणि पेशींना अपायकारक द्रव्ये सुटतात. शिवाय हा डिंक फायब्रिनसारखा चटकन विरघळत नाही. लघवीच्या वाटेत तो राहिला, तर न विरघळणाऱ्या दोऱ्याचीच गोष्ट पुन्हा घडते. त्यावर खडा धरतो.

आता मुख्य मुद्दा. फायब्रिन ग्लू रक्तस्रावावर उत्तम काम करतो. मूत्रपिंडाचा गाठ असलेला भाग कापून काढल्यावर उरलेल्या भागातून रक्त पाझरते, तेथे त्याचा चांगला उपयोग होतो. पण लघवी म्हणजे रक्त नव्हे. लघवीत निसर्गतःच युरोकायनेज नावाचे द्रव्य असते आणि त्याचे काम फायब्रिन विरघळवण्याला चालना देणे हे आहे! मूत्रमार्गात रक्ताची गुठळी अडकून लघवी तुंबू नये, यासाठीच ही सोय असावी. हे द्रव्य इतके प्रभावी आहे, की माणसांच्या लघवीतून ते वेगळे काढून फुप्फुसातल्या गुठळ्या विरघळवण्याचे औषध म्हणून वापरले गेले. म्हणजे आपण जो डिंक लावायचा, त्याला विरघळवणारे द्रव्य नेमके तेथेच वाहत असते. डिंकात त्याला विरोध करणारे औषध मिसळतात खरे, पण तरी तो फार तर दोन आठवड्यांचा पाहुणा. तेवढ्या अवधीत शरीराने स्वतःचे मांस भरून घेतले पाहिजे. आणि ते भरायचे, तर लघवी जखमेवरून न जाता दुसऱ्या वाटेने गेली पाहिजे. त्या दुसऱ्या वाटेचे नाव नळी. तीच नळी, जी रुग्णाला नकोशी असते आणि नातेवाईक रोज विचारतात, "कधी काढणार?"

हे मी पुस्तकातून शिकलो, आणि मग एका रुग्णाकडून पुन्हा शिकलो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याचा मुतखडा मी पाठीतून दुर्बीण घालून काढला. नळी काढल्यावर पाठीतले भोक दोन दिवसांत बुजते. याचे बुजेना. रोज कपडे भिजत. मी नुकताच एका परिषदेहून फायब्रिन ग्लूविषयी ऐकून आलो होतो. उत्साहाने मागवला आणि भोकात भरला. दोन दिवस पाठ कोरडी! मी वॉर्डात सगळ्यांना दाखवली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण पुन्हा ओले. मग फोटो काढला. खड्याचा एक बारीक तुकडा खाली मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अडकला होता. खालची वाट बंद, म्हणून लघवी वरच्या भोकातून येत होती. चाक तुंबलेल्या मोरीत वरून पाणी ओतावे आणि काठाला सिमेंट लावत बसावे, तसा माझा उद्योग. तुकडा काढला, मूत्रवाहिनीत डीजे नळी घातली, आणि डिंकाशिवाय दोन दिवसांत पाठ कोरडी झाली. आधी खाली पाहायला हवे होते. त्या माणसाचे पैसे आणि चार दिवस माझ्या हौसेपायी गेले.

डीजे नळी म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी, दोन्ही टोके वळलेली बारीक नळी. १९७८ पासून ती प्रचारात आली. ती बाहेरून दिसत नाही, आणि धोका तेथेच आहे. हाच शेतकरी ती काढायला सहा आठवड्यांनी यायचा, तो चौदा महिन्यांनी आला. नळीच्या खालच्या टोकावर लिंबाएवढा खडा! "बरं वाटत होतं, म्हणून नाही आलो," म्हणाला. मी तारीख कागदावर लिहून दिली होती. त्याला वाचता येत नव्हते, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाच्या घरच्या कालनिर्णयवर खूण करायला मी नातेवाइकांना सांगतो आणि दवाखान्यातही वही ठेवतो. ज्यांच्या पोटात अशी नळी आहे आणि ती घालून तीन महिने उलटून गेले आहेत, त्यांनी हा लेख खाली ठेवून आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे.

आता त्या बाईंकडे परत येऊ. लघवी नेमकी कोठून गळते, हे आधी ठरवायला हवे होते. त्याची साधी परीक्षा आहे. योनिमार्गात एकावर एक असे कापसाचे तीन बोळे ठेवायचे आणि नळीतून मूत्राशयात निळा रंग सोडायचा. बोळा निळा झाला तर भोक मूत्राशयाला आहे. बोळा भिजला, पण निळा झाला नाही, तर दोष वर मूत्रवाहिनीत असण्याचा संभव असतो. कधी कधी दोन्हीकडे इजा असते, म्हणून वरचा फोटोही काढतात. बाईंचा सर्वांत आतला बोळा निळा झाला. दुर्बिणीतून पाहिले. भोक ज्वारीच्या दाण्याएवढे होते, मूत्रवाहिन्या शाबूत होत्या.

मी यजमानांना सरळ सांगितले. भोक रुपयाएवढे असते, किंवा कर्करोगासाठी शेक दिलेल्या जागी असते, तर डिंकाचे नावही काढले नसते. तेथे सूज ओसरू देऊन नीट शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि मधे चरबीचा पडदा आणून बसवावा लागतो. त्यांचे भोक लहान आणि नवे होते. म्हणून आधी चार आठवडे नुसती नळी ठेवू, असे ठरवले. अशी लहान छिद्रे कधी कधी तेवढ्यानेच बुजतात. यांचे आकसले, गळणे पुष्कळ कमी झाले, पण थांबले नाही. मग भूल देऊन बोगद्याच्या आतले अस्तर कॉटरीने हलके भाजून घेतले, कारण अस्तरावर अस्तर कधी जुळत नाही. त्यात फायब्रिन ग्लू भरला आणि नळी पुन्हा तीन आठवडे ठेवली.

घरी जाताना डिंकाबद्दल मी एकही सूचना दिली नाही. सगळ्या नळीबद्दल दिल्या. पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी. नळी मांडीखाली दबू नये, तिला पीळ बसू नये. पाणी भरपूर प्यावे. आणि पिशवीत तास-दोन तास लघवी उतरली नाही, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्राशय फुगले, की पहिला ताण त्या कच्च्या जागेवर येतो.

नवव्या दिवशी पहाटे सहाला सासूबाईच दुधाच्या गाडीतून सुनेला घेऊन दारात हजर. "साहेब, चार वाजल्यापासनं पिशवी कोरडी हाय." नळीत साका अडकला होता. सलाईनने धुतली, आणि लघवी उतरू लागली. आणखी दोन तास गेले असते, तर केलेले सगळे वाहून गेले असते, असे मला वाटते. यजमान मागाहून आले. "डिंक सुटला का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटले, "डिंकाचे मला माहीत नाही, पण तुमच्या आईंनी जागरण केले म्हणून बरे झाले."

या बाईंना डिंकाने बरे केले की नळीने, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. माझे मत विचाराल, तर डिंक हा मदतनीस. जागा योग्य असेल, खालची वाट मोकळी असेल, पू नसेल आणि नळी चालू असेल, तर तो पहिल्या दिवसांत उपयोगी पडतो. या चारांतले एक नसेल, तर त्यावर पैसे घालू नयेत. अॅलर्जीचा धोका थोडा का होईना असतोच, आणि तो रक्तवाहिनीत शिरला तर तेथेच गुठळी होते, म्हणून सरावाच्या हातांनीच तो वापरावा.

तीन आठवड्यांनी नळी काढण्यापूर्वी तीच निळ्या रंगाची परीक्षा पुन्हा केली. मूत्राशय भरले, बाईंना थोडे चालवले, खोकायला सांगितले. मग एकेक बोळा बाहेर काढला. सासूबाईंनी तिन्ही हातात घेतले, खिडकीशी नेऊन उजेडात उलटसुलट करून पाहिले, आणि मग सुनेला म्हणाल्या, "बस आता खुर्चीवर."